निपाणीचा तंबाखू लढा: बघायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

निपाणीच्या तंबाखू आंदोलनाची जागा बघायला कॉलेजची मुलं येतात, जुने कार्यकर्ते येतात, नातवंडांना घेऊन आजोबा येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जवळपास सगळे जण रस्त्यावरच्या आंदोलनाबद्दल विचारतात. वखारीतल्या बायकांबद्दल फार थोडे विचारतात. इथं दोन्हींबद्दल लिहिलं आहे, आणि बायकांबद्दल मुद्दाम जास्त.

निपाणीत नेमकं बघायचं काय? तिकीट, वेळ वगैरे?

तिकीट नाही, दारावर पाटी नाही, आत शिरायची वेळ नाही. हे नांदतं गाव आहे आणि लढ्याच्या खुणा गावभर पसरल्या आहेत. हायवेलगतचं आंदोलननगर, गावातल्या तंबाखूच्या वखारी आणि गावाबाहेरची शिवारं अशा तीन ठिकाणी जायला हवं. बहुतेक गाड्या आंदोलननगरला थांबतात, फोटो होतात आणि लोक निघून जातात. आमचं सांगणं असं की सुरुवात शिवारापासून करा, मग वखारींच्या बोळात या आणि शेवटी हायवेवर जा. तंबाखूचा प्रवास याच वाटेनं होतो. माणसं रस्त्यावर का येऊन बसली ते या क्रमानं गेलं की लवकर ध्यानात येतं.

१९८१ मध्ये इथं काय घडलं?

निपाणी भागात पिकते ती विडीची तंबाखू. देशात विडीच्या तंबाखूचे दोन मोठे पट्टे, एक गुजरातचा चरोतर आणि दुसरा हा आमचा. कमी पावसावर, काळ्या जमिनीत येणारं हे पीक चिकोडी, कागल, हुक्केरीकडच्या कितीतरी घरांचं वर्षाचं एकमेव रोख पीक होतं. ऊस पिकवणाऱ्याला निदान साखर कारखान्याच्या दारात उभं राहता येतं. तंबाखूवाल्याला व्यापाऱ्याशिवाय दुसरं दार नव्हतं. माल आधी वखारीत जायचा आणि भाव मागाहून ठरायचा. प्रतीवरून घासाघीस, वजनात कपात, पैसे हप्त्याहप्त्यानं. तंबाखू घरात खाता येत नाही, जनावराला घालता येत नाही, आणि घरी ठेवायची तर पाऊस तोंडावर येतो. ज्याच्या हातात वेळ त्याच्या हातात भाव, असा सगळा कारभार होता.

त्या उन्हाळ्यात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूला रास्त भाव मागितला आणि १४ मार्च १९८१ रोजी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. मार्चच का, असं मुलं विचारतात. जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखू कापून वाळते. मार्चमध्ये ती घरात पडून असते, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं आणि शेतात फारसं काम नसतं. माणूस घर सोडून रस्त्यावर बसू शकतो तो याच दिवसांत.

हजारो शेतकरी बैलगाड्या, भाकरीची गाठोडी आणि घोंगडी घेऊन आले. रस्त्यावरच चुली पेटल्या, भजनं झाली, सभा झाल्या. देशाच्या एका मोठ्या हमरस्त्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळ शेतकऱ्यांची वस्ती उभी राहिली. त्या वस्तीचं नाव आंदोलननगर. तेव्हा कर्नाटकात आर. गुंडूराव यांचं सरकार होतं. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मारले गेले.

इतकी मोठी गर्दी इतके दिवस शांतपणे बसून होती, हे येणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो. गोळीबाराची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. त्याआधीच्या दिवसांत इतक्या माणसांचं जेवण, पाणी, स्वच्छता लोकांनी आपापसांत कशी सांभाळली, हे विचारलं की जुन्या माणसांना बोलायला विषय मिळतो.

शरद जोशी निपाणीत कसे आले?

शरद जोशी मूळचे साताऱ्याचे. टपाल खात्यात अधिकारी होते, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरीला होते. ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. चाकणचा कांदा आणि १९८० चं नाशिककडचं ऊस-कांद्याचं आंदोलन यामुळे त्यांचं नाव गावोगाव पोचलं होतं. निपाणीत प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी आधीपासून वखारीतल्या कामगारांमध्ये काम करत होते. त्यामुळे १९८१ ला इथं पाया तयार होता. बाहेरून एक पुढारी आला आणि गाव पेटलं, अशी गोष्ट कुणी सांगू लागला तर ती अर्धीच आहे असं समजा.

वखारीतल्या बायकांचा लढा म्हणजे काय?

शेतातून आलेली वाळकी तंबाखू वखारीत कुटली जाते, चाळली जाते, काडी वेगळी होते, प्रतवारी होते, पोती भरली जातात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. बंद वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ. डोळ्यांतून पाणी, नाकातोंडात ठसका, अंगाला आणि लुगड्याला असा वास की घरी गेल्यावर तान्हं मूल अंगावर घ्यायच्या आधी अंघोळ करावी लागायची. कामाचे तास वखारवाल्याच्या मर्जीवर, मजुरी नावापुरती, शिवीगाळ रोजची. हजेरी कागदावर नसायची, म्हणून कायदा काहीही म्हणत असला तरी या बाईनं आपल्याकडे काम केलंच नाही, असं मालक सरळ सांगू शकायचा.

कायदा तेव्हाही होता. विडी आणि सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा १९६६ चा, विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. पण दिल्लीत झालेला कायदा वखारीच्या दारातून आत यायला बायकांना स्वतः उभं राहावं लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना बांधली, संप केले, मोर्चे काढले. मजुरी, कामाचे ठरलेले तास आणि माणसासारखी वागणूक या त्यांच्या मागण्या. असंघटित कामगार स्त्रियांच्या त्या काळातल्या मोठ्या लढ्यांत निपाणीचं नाव घेतलं जातं. बंगळूरच्या युगांतर या चित्रपट गटानं १९८२ मध्ये या बायकांवर माहितीपट केला, आणि छाया दातार यांनी त्यांच्यात राहून केलेला अभ्यास १९८९ मध्ये इंग्रजीत पुस्तक म्हणून आला. अभ्यासाला येणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी आधी शोधून बघाव्यात, म्हणजे इथं आल्यावर मावशींना तेच ते प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

या बायकांमध्ये दलित, गरीब मराठा, मुसलमान, लिंगायत अशा सगळ्या घरांतल्या होत्या. यल्लम्मा देवीला सोडलेल्या देवदासीही होत्या. देवदासी प्रथेविरुद्धची जागृती या भागात वाढली त्यात या कामगार बायकांच्या एकत्र येण्याचाही वाटा होता. कर्नाटकानं देवदासी म्हणून मुली सोडण्यावर बंदीचा कायदा केला तो १९८२ मध्ये. वखारीत शेजारी बसून तंबाखू चाळणाऱ्या बायकांनी एकमेकींच्या पंगतीला बसायला सुरुवात केली. आमच्या मते संपाइतकीच ती मोठी गोष्ट होती.

शेतकऱ्यांचं आंदोलन आणि शेतमजुरांची चळवळ एकच का?

एक नाही, आणि हा प्रश्न टाळून निपाणी समजत नाही.

शेतकरी संघटनेची मांडणी सरळ होती. शेतमालाला रास्त भाव मिळाला की शेतकऱ्याच्या हातात पैसा येईल आणि मग मजुराला चांगली मजुरी देता येईल. डाव्या आणि सत्यशोधक विचाराच्या लोकांनी तेव्हाच विचारलं की भाव वाढला म्हणून मजुरी वाढेल याची हमी कोण देणार? तंबाखूच्या शेतात भांगलायला, शेंडा खुडायला, फुटवे काढायला येणारी बाई दुसऱ्याच्या रानात राबते. तिला भावाच्या पावतीत नाव नाही.

तरी निपाणीत हे दोन धागे एकमेकांत गुंतले. शेतकऱ्याला भाव नाकारणारा आणि वखारीतल्या बाईला मजुरी नाकारणारा व्यापारी एकच होता. अर्धा एकर तंबाखू लावणारा माणूस स्वतःच्या रानात शेतकरी आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याकडे रोजगारी. त्याची बायको किंवा बहीण वखारीत. एकाच घरात दोन्ही चळवळींची माणसं होती, तेव्हा पुस्तकातली रेघ इथं तितकी ठळक उमटत नाही. हायवेवर शेतकऱ्यांच्या बलिदानाचं स्मरण होतं ते योग्यच आहे. वखारीतल्या बायकांच्या संपाचंही तसंच स्मरण व्हायला हवं, ते होत नाही, हे आम्हाला खटकतं.

आंदोलननगरला गेल्यावर काय दिसेल?

जो रस्ता अडवला होता तो साधा दुपदरी होता. आता तो कितीतरी रुंद झाला आहे आणि गाड्या सुसाट जातात. डोळ्यांपुढे चित्र आणायचं तर बाजूच्या सेवारस्त्यावर उभं राहून दोन लेनची रुंदी मनात धरा आणि त्यावर बैलगाड्यांची रांग ठेवा. हायवे ओलांडायचा प्रयत्न करू नका, मुलांचा हात सोडू नका. दरवर्षी ६ एप्रिलला हुतात्म्यांना अभिवादन करायला शेतकरी आणि कार्यकर्ते जमतात. त्या दिवशी आलात तर त्या काळची माणसं भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती आता वयानं थकली आहेत. पुढच्या वर्षी बघू, असं करू नका.

कधी यावं?

ऑगस्टमध्ये रोपांची लावण होते. दिवाळीनंतर शिवारात तंबाखू कमरेएवढी उभी असते. जानेवारी-फेब्रुवारीत कापलेली झाडं रानातच उन्हात वाळत पडलेली दिसतात आणि सगळ्या हवेला तो उग्र वास असतो. वखारींची लगबग त्यानंतर. एकाच खेपेत शिवार आणि वखार दोन्ही बघायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ धरा. भर पावसाळ्यात तंबाखूतलं फारसं काही हाती लागत नाही.

यायचं कसं?

निपाणी हायवेवरच आहे. कोल्हापूरहून सुमारे ४० किलोमीटर, बेळगावहून ७५ च्या आसपास. रेल्वे गावात नाही, कोल्हापूर किंवा बेळगावला उतरून बस धरावी. एसटी आणि कर्नाटकाच्या बस दोन्ही येतात. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली मोफत प्रवास आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

एक सावधगिरी. सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि डिसेंबरमध्ये बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असताना निघण्याआधी बसस्थानकात चौकशी करा.

कन्नड येत नाही, अडचण होईल का?

निपाणीत मराठीवर सगळं भागतं. दुकानात, वखारीत, शिवारात मराठीच ऐकू येईल, तिच्यात कानडी शब्द मिसळलेले असतील एवढंच. पाट्या आणि सरकारी कागद कानडीत असतात. पूर्वेला चिकोडी, रायबागकडे गेलात तर कानडी जाणणारा माणूस सोबत घ्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासूनचं दुःख इथल्या मराठी माणसाच्या मनात आहे. महाजन आयोगानंही १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. हे सगळं असताना १९८१ मध्ये कागलचा मराठी शेतकरी आणि चिकोडीचा कानडी शेतकरी एका रस्त्यावर एकमेकांची भाकरी खात बसले होते. मराठी असल्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि त्या रस्त्याचाही आहे.

वखारीत आत जाता येतं का? फोटो काढले तर चालतील?

वखारी खासगी आहेत. मालकाला किंवा दिवाणजीला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आत काम करणाऱ्या बायकांना मात्र वेगळं विचारा. मालकानं हो म्हटलं म्हणून बाईचा फोटो काढायची मुभा मिळत नाही. तुम्ही निघून गेल्यावर तिला तिथंच काम करायचं असतं, म्हणून मजुरी किती, मालक कसा आहे, असले प्रश्न वखारीत विचारू नयेत. ते तिच्या घरी, तिच्या सवडीनं. वयस्कर बाईला मावशी किंवा आक्का म्हणा, बाप्यांना मामा किंवा अण्णा. चहा पुढे केला तर नको म्हणू नका. दम्याचा त्रास असेल तर आत न गेलेलंच बरं, आणि इतरांनीही नाकाला रुमाल बांधावा.

लहान मुलांना आणावं का?

जरूर आणा. फक्त उभ्या हिरव्या तंबाखूत, विशेषतः सकाळी दव असताना, उघड्या हातापायांनी फिरू देऊ नका. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि मळमळ, चक्कर, ओकारी होते. मजुरांना हा त्रास कायमचाच. मुलांना बांधावरून दाखवा आणि हे कारणही सांगा.

तंबाखूनं माणसं मरतात. मग या पिकासाठीच्या लढ्याचं कौतुक कशाला?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि त्यांनी तो विचारावाच. तंबाखू वाईट आहे, यात दुमत नाही. विडी ओढणाऱ्याच्या छातीत जो धूर जातो त्याच्या आधी ती धूळ वखारीतल्या बाईच्या छातीत गेलेली असते. पण या भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं तंबाखू लावली ती त्या रानात, त्या पावसावर पैसा देणारं दुसरं पीक हाताशी नव्हतं म्हणून. व्यापारी श्रीमंत झाला, सरकारला कर मिळाला, आणि दोष फक्त पिकवणाऱ्याच्या माथी, हे आम्हाला पटत नाही. तंबाखू कमी व्हावी असं वाटत असेल तर ती लावणाऱ्याला आणि चाळणाऱ्या बाईला दुसरं पोटापाण्याचं साधन द्यावं लागेल. काळम्मावाडी धरणाचं दूधगंगेचं पाणी जिथं पोचलं तिथं शेतकऱ्यानं आपणहून ऊस लावला. वखारीत काम गेलेल्या बायकांसाठी मात्र अशी कुठली योजना पाण्यासारखी वाहत आली नाही.

आज इथं शेतमजुरांची काय स्थिती आहे?

गळीत हंगामात आलात तर उसाच्या फडाजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, दिसतील. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून नवरा-बायकोच्या जोड्या येतात. जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यात हंगाम जातो. पहाटे थंडीत फडात, रात्री गाडी भरायला. त्यांच्या मुलांची शाळा सुटते, आणि आमच्या भागात आल्यावर जिथं जवळची शाळा कानडी असते तिथं ती बसू शकत नाहीत. निपाणीचा लढा बघायला येणाऱ्यानं या कोप्यांकडे पाठ फिरवून जाऊ नये. फोटोची घाई न करता आधी बोला. मुलांसाठी मराठी गोष्टीची पुस्तकं आणलीत तर त्यांचा खरोखर उपयोग होतो.

जवळपास आणखी काय जोडता येईल?

निपाणीतच १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालं होतं. वखारीतल्या दलित बायकांची पुढची ताठ मान समजून घ्यायला ही आठवण सोबत ठेवावी.

एक दिवस जास्तीचा असेल तर बेळगावहून सौंदत्तीकडून नरगुंद आणि नवलगुंदला जा. मलप्रभा प्रकल्पाच्या पाण्यावरच्या करवसुलीविरुद्ध २१ जुलै १९८० रोजी तिथले शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्यांच्या स्मरणाचे वीरगळ, म्हणजे स्मारकशिळा, तिथं आहेत आणि दरवर्षी २१ जुलैला रैतांची, म्हणजे शेतकऱ्यांची, गर्दी होते. त्या उठावानंतर कर्नाटक राज्य रैत संघ उभा राहिला. नरगुंद कानडी मुलखातलं आणि निपाणी मराठी, पण दोन्ही गोळीबारांमध्ये वर्षभराचंही अंतर नाही आणि सरकार एकच होतं. दोन्ही जागा एका दौऱ्यात बघितल्या तर दोन्ही नीट उमजतात.

आमच्या घरी त्या काळातले फोटो, पत्रकं आहेत. काय करावं?

टाकू नका, रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीनं माणसांची नावं, गाव आणि वर्ष लिहा. मोबाइलवर सरळ उजेडात फोटो घेऊन ठेवा आणि घरातल्या दोन-तीन जणांकडे पाठवून द्या. संघटनेची पावती, हजेरीचं पुस्तक, विडी कामगाराचं ओळखपत्र, काहीही असो, ते मोलाचं आहे. आणि घरात वखारीत काम केलेली आज्जी असेल तर तिच्याजवळ फोन ठेवून तिला बोलू द्या. कोणत्या वखारीत होतीस, शेजारी कोण बसायचं, पहिल्यांदा काम बंद केलंत तेव्हा घरात काय शिजलं, असं विचारा. तारखा तिला आठवणार नाहीत. कोण कुणाशेजारी बसायचं ते सगळं आठवेल. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि आजची तारीख तेवढी बोलून घ्या.